झाकलेली मूठ

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात: फराळाचे डबे आणि लग्नाचे आल्बम. दुपारची जेवणे आटोपतात, पानसुपारी होते आणि कोणीतरी कपाटाच्या वरच्या खणातून ते जाडजूड बाड खाली काढते. मग मुंडावळ्या दिसतात, करवल्या दिसतात, रुसलेले मामा आणि झोपलेले काका दिसतात. सारे घर खळखळून हसते. त्या आल्बमात सगळे काही असते. एकच गोष्ट कोणत्याही पानावर सापडत नाही: तो कितीला पडला.

विचारून पाहा. चिवड्याचे पोहे काय भावाने आणले ते गृहिणी तत्काळ सांगेल. कार्यालयाचे भाडे, आचाऱ्याची मजुरी, बँडवाल्याची बिदागी हे सारे यजमानांना दहा वर्षांनीही तोंडपाठ असते. फोटोग्राफरचे नाव काढले की मात्र आवाज खाली येतो. "बरेच झाले हो शेवटी," असे मोघम उत्तर मिळते. या 'शेवटी' शब्दातच सारी गोम आहे. बाकी सर्वांचे दर आधी ठरतात, फोटोग्राफरचा तेवढा शेवटी कळतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. फोटो काढण्याचा धंदा करणाऱ्याने आपले दर दुकानाच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावेत. संकेतस्थळ असेल तर त्याच्या पहिल्या पानावर लिहावेत. 'दरांसाठी संपर्क साधा' ही ओळ पुसून टाकावी. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार आता पुरे झाला. एवढ्याशा मागणीसाठी दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालावीत, असे कोणाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. जव्हारच्या एका स्टुडिओतल्या बाकावर अर्धा तास बसेपर्यंत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका सरकारी कागदासाठी मला छोटे फोटो हवे होते. दुकानात शिरलो तो समोरच फलक: पासपोर्ट फोटो इतके रुपये, झेरॉक्स एका पानाला इतके, लॅमिनेशन इतके. मनाला बरे वाटले. खुर्चीवर बसून, मान सरळ करून, नेहमीचा गुन्हेगारासारखा चेहरा काढून घेतला आणि प्रती निघेपर्यंत बाकावर थांबलो. तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. डोक्याला टॉवेल, पायांवर धूळ. मुलीचे लग्न ठरले होते.

"शेट, पोरीचं लगीन हाय. फोटोचं काय पडंल?"

फोटोग्राफर सज्जन होता. त्याने त्यांना बसायला दिले, पाणी दिले. उत्तर तेवढे दिले नाही. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. "कुठला पाडा, बाबा?" पाडा मोखाडा तालुक्यातला, खोडाळ्याच्या अंगाला होता. "नवरदेव काय करतो?" वाड्याला कंपनीत होता. "मांडवात माणूस किती? डीजे सांगितला का? पोरीचा भाऊ कुठं नोकरीला आहे का?" प्रत्येक उत्तराबरोबर फोटोग्राफरच्या मनात कुठेतरी एक आकडा वरखाली होत असला पाहिजे, तोंडातून मात्र तो बाहेर पडला नाही. बाहेर पडले ते एवढेच: "पैशांचं नंतर बघू हो. आपण काय परके आहोत? पाचशे रुपये ठेवून जा, तारीख लिहून घेतो."

बाबांनी कनवटीचे पाचशे रुपये काढून दिले आणि ते गेले.

पाठोपाठ एक शिक्षक आले. त्यांच्या घरीही लग्न होते. "या सर!" सरांनी उभ्याउभ्याच सांगितले की नाशिकच्या माणसाने अमुक रक्कम सांगितली आहे, तुमचे काय ते बोला. फोटोग्राफरने क्षणभरही विचार केला नाही. एक दिवसाचे इतके, दोन दिवसांचे इतके, आल्बमची पाने इतकी, व्हिडिओ धरून इतके. घडाघडा सांगितले.

आकडा होता तर! पाच मिनिटांपूर्वीही तो होताच. फक्त ज्याला त्याची अधिक गरज होती त्याला तो सांगितला गेला नाही.

हा फोटोग्राफर लबाड होता, असे मला म्हणायचे नाही. पुण्यामुंबईचे त्याचे व्यवसायबंधूही हेच करतात. फरक इतकाच की ते ते वातानुकूलित खोलीत बसून, कॉफी पाजून करतात. परंतु जव्हार आणि मोखाडा ही पुण्यामुंबईसारखी ठिकाणे नव्हेत. या दोन तालुक्यांत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी ही वस्ती. पावसाळ्यात डोंगरउतारावर नागली-वरई पिकवायची आणि दिवाळी झाली की चूल-भांडी-पोरे घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायचे, हा कितीतरी घरांचा वर्षाचा क्रम आहे. आपण इकडे आल्बम उघडून बसतो त्याच सुमारास तिकडे गाठोडी बांधली जातात. आणि 'पैशांचे नंतर बघू' हे वाक्य या डोंगरांना नवे नाही. त्या वाक्याचा इतिहास फार जुना आहे आणि तो रम्य नाही.

जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' नावाचा एक प्रकार होता. शब्द कानाला मंगल वाटतो. अर्थ असा, की लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी व शेतावर राबायचे. बायको आली की तिनेही राबायचे. ते फिटायचे कधी? ते सावकाराच्या वहीला ठाऊक, आणि वही वाचता येणार सावकारालाच. किती घेतले, मजुरी किती धरली, व्याज किती लावले, यांतले काहीही भिंतीवर लिहिलेले नसे. हातकड्या-बेड्यांची गरजच नव्हती. न सांगितलेला आकडा हीच बेडी होती. वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला तो १९७६ साली.

त्याच्या तीन दशके आधी, १९४५ साली, डहाणू-उंबरगाव भागातले वारली उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले होते. त्या लढ्यातली एक मागणी नीट पाहण्यासारखी आहे: पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. त्यात क्रांतीची मोठी भाषा नाही, की स्वर्ग पृथ्वीवर आणण्याची घोषणा नाही. एक वजन आणि एक रक्कम, बस्स. परंतु वजन आणि रक्कम शेजारी शेजारी उच्चारली जाताच जमीनदारांची झोप उडाली. कारण त्या दिवसापर्यंत मजुरी 'बघून' दिली जात होती, आता ती 'सांगून' द्यावी लागणार होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली. आकडा उघड बोलला जावा याची केवढी किंमत त्या डोंगराळ मुलखाने मोजली आहे! तिथल्या माणसाच्या पोरीच्या लग्नात, आज, एक सुशिक्षित कारागीर 'नंतर बघू' म्हणतो. त्याचा हेतू सावकाराचा नसेल. वाक्य मात्र सावकाराचे आहे.

कोणी म्हणेल, फोटोच्या चार पैशांवरून गोळीबारापर्यंत जाणे म्हणजे अतिशयोक्ती झाली. ठीक आहे, चार पैशांचाच हिशोब करू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. समजा, आल्बम आणि व्हिडिओ मिळून पंधरा हजार झाले. म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांची मजुरी. कायद्याने एका कुटुंबाला वर्षात हमी होती शंभर दिवसांची. म्हणजे हमीच्या कामातले जवळजवळ अर्धे वर्ष एका आल्बमात गेले! ज्या घरात ही गोष्ट घडणार त्या घराला ती आधी कळावी, की वरात गेल्यावर? आधी कळली तर बाप म्हणू शकतो, "व्हिडिओ नको, चाळीस फोटो द्या." वरात गेल्यावर त्याला एकच गोष्ट करता येते: भट्टीवाल्याकडून उचल थोडी वाढवून घेणे. ही उचल फेडायला मग सारे घर पहाटे तीनला उठून माती तुडवते.

या भागात खर्च झेपत नाही म्हणून लग्न लांबणीवर टाकणारी जोडपी आहेत. संसार थाटतात, मुले होतात, आणि पुढे कधीतरी सामुदायिक विवाहात अक्षता पडतात. तेव्हा मांडवात त्यांची स्वतःची पोरे नाचत असतात. इतके जपून पाऊल टाकणाऱ्या माणसांपासून आपण आकडा लपवतो आणि वर म्हणतो, यांना हिशोब कळत नाही!

आता फोटोग्राफर मंडळींचे आक्षेप घेऊ. त्यांतले काही पोकळ आहेत, काही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप: आमची कला आहे, कलेला भावाची पाटी लावणे हा तिचा अपमान आहे. वाचकहो, हा दिवाळी अंक जरा उलटा करून पाहा. त्याच्यावर किंमत छापलेली आहे. आत कवींनी आपले काळीज ओतले आहे, कथाकारांनी रात्री जागवल्या आहेत. त्या किमतीमुळे एका तरी कवितेचे तेज कमी झाले आहे काय? नाटकाच्या तिकिटाचे दर वर्तमानपत्रात छापून येतात. म्हणून रंगभूमीवरचा नट भाजीवाला ठरत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती बाजारात विकत मिळू लागल्या. लोकांनी त्या विकत आणल्या, चौकटीत बसवल्या आणि त्यांना रोज हळदकुंकू वाहिले. किमतीने देवीचेही काही बिघडले नाही, तर आल्बमचे काय बिघडणार? आणि कलेला मोल नाही म्हणणारा कलावंत शेवटी मोल घेतोच की. तो फक्त ते आधी सांगत नाही.

दुसरा आक्षेप: प्रत्येक लग्न निराळे, एकच दर कसा लिहावा? यात तथ्य आहे. जव्हार शहरातल्या सभागृहातले लग्न वेगळे आणि सूर्यमाळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरचे वेगळे. तिथे गाडी सोडून कॅमेरे खांद्यावर घेऊन चालत जावे लागते, वीज गेली तर दिव्यांची सोय स्वतः करावी लागते. परंतु शिंपी काय करतो? माणसे निरनिराळ्या मापांची असतात, तरी सदऱ्याची शिलाई भिंतीवर असते. रिक्षावाल्याला प्रवासी कुठे जाणार ते ठाऊक नसते, तरी किलोमीटरचा दर ठरलेला असतो. काम बदलते, मोजण्याचे माप बदलत नाही. ते माप लिहा. एका माणसाचा एका कॅमेऱ्यासह एक दिवस: इतके. आल्बम इतक्या पानांचा: इतके. व्हिडिओ: इतके. प्रवास किलोमीटरमागे: इतके. रात्री इतक्या वाजल्यानंतर तासाला: इतके. आल्बम किती दिवसांत मिळेल आणि लग्न पुढे ढकलले तर विसाराचे काय होईल, हेही लिहा. सहा-सात ओळींत सारा संसार मावतो. मात्र एक विनंती. त्या ओळींत 'पासून' हा शब्द नको. 'दहा हजारांपासून' असे लिहिणे म्हणजे दार अर्धे उघडून आत अंधार ठेवणे. सुरुवात कुठून ते कोणी विचारलेले नाही. शेवट कुठे, हा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप: प्रतिस्पर्धी आमचा भाव वाचून दोन हजारांनी कमी लावील. लावू दे! त्याला तो आजही कळतोच; जव्हारसारख्या गावात कोणाचा दर काय, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते गिऱ्हाइकाला. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे त्याला कळते आणि ज्याला सांगायचे त्याच्यापासून लपते. मुंबईच्या घाऊक फळबाजारात हापूसचा सौदा रुमालाखाली बोटे दाबून होत आलेला आहे. दलालाला कळतो, खरेदीदाराला कळतो, आणि ज्याच्या झाडाला आंबा लागला तो बागायतदार शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत बसतो. शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि त्या न्याय्य होत्या. रुमाल आंब्यावरचा असो की आल्बमवरचा, तो कोणासाठी पसरलेला असतो ते सांगायला नको.

भाव छापल्याने धंदा बसत असता, तर फोटोग्राफीचा धंदा जन्मालाच आला नसता. १८८८ साली ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला तो पंचवीस डॉलर ही किंमत सांगून. आत शंभर चित्रांची फिल्म. संपली की दहा डॉलर आणि कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. चित्रे छापून, नवी फिल्म भरून परत. किती पैशांत किती चित्रे, हे सामान्य माणसाला घरबसल्या कळले, म्हणून कॅमेरा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सामान्यांच्या घरी आला. ज्या यंत्रावर ही मंडळी पोट भरतात त्या यंत्राचाच इतिहास त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मला एका प्रामाणिक फोटोग्राफरने घातला. तो म्हणाला, "मी माणूस बघून भाव सांगतो हे खरं. पण त्यामुळे गरिबाला स्वस्तात देता येतं. भिंतीवर एकच आकडा लिहिला तर गरीब तो वाचून बाहेरच्या बाहेर निघून जाईल." यावर मी बराच विचार केला. असे दयाळू लोक आहेत, यात शंका नाही. परंतु दया अंधारात करण्याचे कारण काय? भिंतीवर पंधरा हजार लिहा आणि बाबांना म्हणा, "तुमच्याकडून बारा घेईन." त्यांना कळेल की तीन हजारांची सूट मिळाली, ते ती घेतील किंवा मानी असतील तर नाकारतील. लिहिलेल्या भावावरची सूट ही दया असते. न लिहिलेल्या भावातली सूट घेणाऱ्याला कळत नाही. देणाऱ्याला फक्त आपण उदार असल्याचे समाधान मिळते. आणि माणूस बघून भाव सांगण्यात दर वेळी गरिबाचाच फायदा होतो, असे त्या दिवशी बाकावर बसून तरी मला दिसले नाही. सरांकडे नाशिकचा आकडा होता, म्हणून त्यांना सरळ उत्तर मिळाले. बाबांकडे दुसरा आकडा नव्हता. भिंतीवरचा फलक म्हणजे, ज्याच्याकडे दुसरा आकडा नाही त्याच्या हाती तो देणे होय. यापेक्षा मोठी दया मला माहीत नाही.

शिवाय हे बंधन आपण इतरांवर केव्हाच घातले आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापावी लागते. रेशन दुकानदाराला दर आणि शिल्लक धान्य फळ्यावर लिहावे लागते. जव्हारच्या पाड्यावरची म्हातारी तो फळा नातवाकडून वाचून घेते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा आला आणि त्याने वस्तूंबरोबर सेवांनाही कवेत घेतले. फोटोग्राफरने कायद्याची वाट पाहत बसावे काय? ज्या भिंतीवर तो झेरॉक्सचा दर लिहितो, तीच भिंत, तोच रंग, तोच ब्रश. जागेची अडचण नाही. अडचण मनाची आहे. पासपोर्ट फोटो घेणारा दर वाचून चालता होऊ शकतो, लग्नघर होऊ शकत नाही. एक दर लिहिला जातो आणि दुसरा का जात नाही, याचे सारे उत्तर यात आहे.

आणि ही पाटी फोटोग्राफरचेही रक्षण करील. जव्हार-मोखाड्यात आता गावातलीच पोरे कॅमेरा घेऊन उभी राहिली आहेत. कोणी कर्ज काढून घेतला आहे, कोणी मित्रांबरोबर भागीत. लग्नाच्या मोसमात ती दिवसदिवस उपाशी धावतात. मग पुढाऱ्याच्या घरचे लग्न येते. "अरे, आपलाच पोरगा आहे, देऊ काहीतरी." शहरातला मोठा स्टुडिओ त्यांना मदतीला बोलावतो आणि दिवस संपल्यावर म्हणतो, "बघू नंतर." तेच वाक्य, या वेळी उलट दिशेने! ज्या पोराच्या भिंतीवर 'एक दिवस: इतके' असे लिहिलेले असेल, त्याला निदान त्या ओळीकडे बोट दाखवता येईल. ज्याच्या भिंतीवर काही नाही त्याने कशाकडे बोट दाखवावे? पाटी दोन्ही बाजूंनी वाचता येते. ती गिऱ्हाइकाला फसू देत नाही आणि कारागिरालाही नाडू देत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. व्यापाराला ही म्हण कोणी लावली कोण जाणे. मूळची ती अब्रूची आहे. मुठीत काही नसले तरी जगासमोर ती उघडू नये, एवढाच तिचा अर्थ. जो ती मूठ धंद्यात वापरतो तो एक प्रकारे कबूलच करतो की आत दाखवण्यासारखे काही नाही. आणि तुमच्या मुठीत तर आहे! तुमची नजर आहे, मेहनत आहे, उन्हातान्हातली पायपीट आहे. पंधरा हजार हा तुमच्या कामाचा रास्त दाम असेल, तर तो भिंतीवर लिहायला लाज कशाची?

दोष सगळा त्यांच्यावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपणही विचारत नाही. मंगलकार्यात पैशांची भाषा नको, अशी आपली एक खोटी अदब आहे. ती अदब आचाऱ्याशी भाव करताना मात्र कुठे जाते ते कळत नाही. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतील. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी फोटोग्राफरकडे जाताना एक वही न्यावी, आकडा विचारावा आणि तो त्याच्याच हातून लिहून घ्यावा. ऐपत आहे त्यांनी तर हे आवर्जून करावे. विचारण्याची रीत पडली की न विचारू शकणाऱ्यालाही सांगण्याची रीत पडेल.

त्या बाबांच्या मुलीचे लग्न आता होऊन गेले असेल. आल्बमही घरी आला असेल. पाड्यावरच्या घरात, ओटीवर बसून, सारी आळी तो बघत असेल. पाचशे रुपये विसार होता. उरलेले किती झाले आणि ते कुठून आणले, हे त्यांच्या आल्बमच्या कोणत्याही पानावर दिसणार नाही. ते जव्हारच्या त्या भिंतीवर, झेरॉक्सच्या दराखाली, आधीच दिसायला हवे होते.